तुझ्या डिटेक्टिव्हला घोडा कळला पाहिजे

न्यूब्रिज, काउंटी किल्डेअर
८ फेब्रुवारी

प्रिय सुन्या,

आयरिश प्रायव्हेट डिटेक्टिव्ह आणि रेसचे घोडे घेऊन रहस्यकथा लिहितोयस हे वाचून लय भारी वाटलं. मटेरियल पाठव म्हणालास, पण ते मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून पत्रच लिहायला बसलो. त्यात आजची तारीख. १९८३ साली याच रात्री, माझ्या घरापासून जवळच्या बॅलीमॅनी स्टड फार्ममधून (घोड्यांची पैदास करतात ती जागा) शेरगार नावाच्या रेसच्या घोड्याला पळवून नेलं आणि तो आजपर्यंत सापडला नाही.

शेरगारने १९८१ ची एप्समची डर्बी, म्हणजे इंग्लंडची ती नावाजलेली रेस, १० लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) मारली होती, त्या रेसच्या दोनशे वर्षांत एवढ्या फरकाने कोणी जिंकलं नव्हतं. वर बसलेला वॉल्टर स्विनबर्न १९ वर्षांचं पोरगं. दुसऱ्या नंबरवर आलेल्या जॉकीला तर आपणच जिंकलो असं वाटलं होतं, मग पुढे लांब शेरगार दिसला त्याला! तो व्हिडिओ मी कितीदा बघितलाय. कपाळावर पांढरा पट्टा, चारी पाय पांढरे आणि पळताना जीभ बाहेर. मालक आगाखान, म्हणजे आपल्या नगर रोडवरचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला त्यांचा नातू. शाळेची ट्रिप आठवते ना?

आता त्या रात्रीचं. तोंड झाकलेली माणसं बंदुका घेऊन मोतद्दाराच्या घरात घुसली, बायकापोरांना खोलीत कोंडलं आणि घोडा गाडीत चढवायला त्यालाच लावलं. सुन्या, मी इथेच अडकतो दरवेळी. ज्या माणसाचा वास, आवाज त्या घोड्याला रोजचा ओळखीचा, त्याच्याच मागून तो शांतपणे चढला असणार. नंतर त्या माणसाला दुसऱ्या गाडीत घालून फिरवलं आणि पोलिसांकडे जायचं नाही असा दम देऊन लांब रस्त्यावर सोडून दिलं. याला फोन, त्याला फोन, थेट मंत्र्यांपर्यंत फोन, यात पोलिसांना कळेपर्यंत आठेक तास गेले. आणि दुसऱ्या दिवशी गॉफ्स कंपनीचा घोड्यांचा मोठा लिलाव, त्यामुळे सगळ्या भागात घोडे नेणाऱ्या गाड्या, हॉर्सबॉक्सच हॉर्सबॉक्स, त्यातला नेमका कुठला अडवायचा? ही तारीख ज्याने निवडली त्याला रेसचा धंदा आतून माहीत होता असं मला वाटतं. तुझा तपास इथून सुरू कर.

पण बाकीचं बघ. २० लाख पौंड मागितले ते एकट्या आगाखानांकडे. घोड्याचे ४० शेअर केले होते, प्रत्येकी अडीच लाख पौंडाचे, त्यातले आगाखानांकडे फक्त ६. एकाने हो म्हणून काय होणार? आणि एकदा पैसे दिले की उद्या कुठलाच घोडा सेफ नाही, म्हणून या शेअरवाल्या मालकांनी दिलेच नाहीत. वर्तमानपत्र शेजारी धरून काढलेले घोड्याच्या तोंडाचे फोटो आले, पण त्यावरूनही तो जिवंत आहे अशी मालकांची खात्री पटली नाही, आणि चार दिवसांत पळवणाऱ्यांचे फोन बंद. संशय आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेवर होता. तिने कधी कबूल केलं नाही पण त्यांच्यातल्याच एकाने पुढे लिहिलं की घोडा बिथरला, पाय दुखावून घेतला आणि त्यांनी त्याला गोळी घातली. मला हे पटतं. स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर घोडा, त्यात कव्हरिंगचा, म्हणजे घोड्या फळवायचा सीझन तोंडावर आलेला, असा घोडा नवख्या माणसाला आवरतच नाही रे. धंदा कळणारा एक कोणीतरी आणि घोडा न कळणारे बाकीचे सगळे, यातच तो जीव गेला. वय फक्त पाच.

म्हणून तुझा डिटेक्टिव्ह पबमध्ये बसून डोकं चालवणारा नको, मोतद्दारी केलेला कर. रिकाम्या तबेल्यात गेल्या गेल्या त्याला कळायला हवं की घोडा ओळखीच्या हाताने बाहेर गेलाय. आणि त्या मोतद्दारावर खोटा संशय ठेवू नकोस प्लीज, कथेसाठीसुद्धा नको. जिवाच्या भीतीने आपलंच जनावर परक्याच्या हातात दिलं त्या माणसाने, आणि पुढे आयुष्यभर ते सोबत घेऊन जगला.

संध्याकाळी सायकलवरून ‘करा’ (Curragh) नावाच्या इथल्या मोकळ्या माळाच्या बाजूला गेलो होतो, धुकं होतं. पहाटे तिथे घोड्यांची स्ट्रिंग, म्हणजे रांग, निघते गॅलपला (दौडीच्या सरावाला), आधी टापा ऐकू येतात आणि घोडे मागाहून दिसतात. पहिलं प्रकरण झालं की लगेच पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या