ऐंशी किलोचं पोतं आणि दहा ग्रॅम

जिनेव्हा,
१९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा अनंत चतुर्दशीला तुम्ही फोन केलात तेव्हा मी उचलला नाही. इथे सर्न या कणांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी आमच्या प्रयोगाचा निकाल जाहीर झाला. रात्री बोलणं झालं, तेही घाईत. बाबा, तुम्ही विचारलंत, "मग नवीन काय निघालं?" मी म्हटलं, "काही नाही, यायला हवं तेच आलं." तुम्ही गप्प झालात. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, कारण माझं उत्तर अर्धवट होतं.

आम्ही वजन काढलं ते डब्ल्यू बोसॉन नावाच्या कणाचं. तो १९८३ मध्ये सर्नमध्येच सापडला. सूर्य जळतो, त्यात याचा हात आहे. प्रोटॉनच्या पंच्याऐंशीपट जड. आमचं माप एमईव्ही. तुम्ही एक एमईव्ही म्हणजे एक ग्रॅम धरा. मग डब्ल्यू म्हणजे ऐंशी किलोचं ज्वारीचं पोतं. सिद्धान्ताप्रमाणे ते ८० किलो ३५७ ग्रॅम भरायला हवं. २०२२ मध्ये शिकागोजवळच्या फर्मिलॅबमधल्या सीडीएफ गटाने सांगितलं, ८० किलो ४३३, नऊ-दहा ग्रॅम इकडे-तिकडे. ही तफावत खरी असेल, तर पोत्यात आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी आहे. आमच्या सीएमएस प्रयोगात ते भरलं ८० किलो ३६०. इकडे-तिकडे, तेच दहा ग्रॅम.

आणि हे पोतं काट्यावर ठेवताच येत नाही. डब्ल्यू जन्मतो तोच फुटतो. एकीकडे म्युऑन नावाचा कण उडतो, दुसरीकडे न्यूट्रिनो नावाचा, आणि न्यूट्रिनो आमच्या यंत्राला दिसत नाही. अर्धं पोतं गेलं ते गेलंच. उरलेल्या अर्ध्यावरून अख्ख्याचं वजन सांगायचं, तर एका पोत्याने भागत नाही. २०१६ सालच्या प्रोटॉनांच्या टकरींतून आम्ही असे दहा कोटी म्युऑन निवडले. चुंबकाच्या क्षेत्रातून जाताना म्युऑनची वाट वाकते. जोर जास्त, तर वाक कमी. तो वाक हाच आमचा तराजू.

त्याचा पासंग काढायचं काम माझ्याकडे होतं. जे-साय नावाच्या कणाचं वजन आधीपासून पक्कं ठाऊक आहे, आपल्या मापात ३ किलो ९७ ग्रॅम. ते आमचं शिक्क्याचं माप. त्यावर तराजू लावला, मग दुसऱ्या ओळखीच्या कणांवर पडताळला. चुंबकाचं क्षेत्र जागोजागी किंचित वेगळं, म्युऑन पत्रे भेदताना किंचित दमतो, म्युऑनची वाट टिपणाऱ्या सिलिकॉनच्या पट्ट्या केसाहून बारीक अंतराने सरकलेल्या. प्रत्येकाचा हिशेब. आई, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी आले नाही, तेव्हा हेच चाललं होतं. तेव्हा नीट सांगितलं नाही, आज सांगते.

तुला आवडेल अशी एक गोष्ट आहे. आमच्याच बोगद्यात पूर्वी दुसरं यंत्र होतं, २७ किलोमीटरचं कडं. झेड नावाच्या कणाचं वजन करताना तिथे आकडे दिवसभरात हलायचे. कारण निघालं चंद्र! पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला जशी मोठी भरती येते, तशी जमीनही किंचित फुगते. एवढ्या मोठ्या कड्याचा घेर मिलिमीटरभर बदलायचा. पुढे जवळून जाणाऱ्या पॅरिसच्या रेल्वेची वीजही आकड्यांत सापडली. चंद्राचा नि गाडीचाही पासंग काढावा लागला.

बाबा, खरं सांगायचंय ते हे. आमच्या प्रोग्रॅमने वजनात आधीच एक गुप्त आकडा मिसळला होता. सगळ्या तपासण्या पुऱ्या होईपर्यंत खरं वजन आम्हा कुणालाच दिसत नव्हतं. हा नियम मला पहिल्यांदा समजावला तेव्हा आपलं दुकान आठवलं. मी चौथीत असेन. गिऱ्हाईक कुरकुरलं, की मी तराजू तपासायला धावायचे. तुम्ही एकदा रिकामी पारडी समोर धरलीत. दांडीला दोऱ्याने बांधलेली चिंचोक्याएवढी लोखंडी कडी हलत होती. म्हणालात, "माप आपल्याला गैरसोयीचं आलं की तपासतेस. सोयीचं आलं तेव्हा का नाही तपासलंस?" मला तेव्हा राग आला होता.

इथे सगळ्यांना त्याच मोहाची भीती असते. आकडा हवा तसा आला की माणूस चुका शोधायचं थांबवतो. म्हणून आकडाच दाखवायचा नाही. झाकण उघडायच्या दिवशी मी स्वतः ८० किलो ४३३ च्या बाजूने होते; काही नवं सापडावं असं फार वाटत होतं. पडद्यावर ३६० आलं आणि पोटात खड्डा पडला. पण त्या आकड्यावर माझा विश्वास आहे, कारण तो माझ्या मनासारखा नाही. सीडीएफच्या लोकांनीही तितक्याच निगुतीने वजन केलंय, बेचाळीस लाख डब्ल्यूंवरून. दोन काट्यांत फरक का, ते अजून कुणाला उमगलेलं नाही. तेच आता शोधायचंय.

दिवाळीचं तिकीट काढलंय, लक्ष्मीपूजनाला घरी असेन. दुकान बंद केलं तेव्हा तराजू माळ्यावर टाकला होता ना? भंगारात देऊ नका. पुसून ठेवा, यंदा पूजेत मांडू. कडी मात्र सोडू नका.

तुमची,
ताई