मेगावॉट नको, संध्याकाळचे युनिट मोजा

संपादक महोदय,

देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, तेल, वायू न जाळता चालणारी आहे. हवामानबदलाच्या पॅरिस कराराखाली २०३० सालासाठी दिलेला हा शब्द जून २०२५ मध्येच पाळला गेला. कामगिरी मोठीच आहे. राष्ट्रीय हवामान कृती आराखड्यातली सौर मोहीम २०१० मध्ये सुरू झाली, तेव्हा २०२२ पर्यंतचे उद्दिष्ट अवघे २० हजार मेगावॉटचे होते. तरीही देशात तयार होणाऱ्या दर दहा युनिटांतली सुमारे सात युनिटे आजही कोळशाचीच आहेत.

गणित साधे आहे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प २० टक्के क्षमता वापराने (रात्र-ढग धरून वर्षभराची सरासरी) वर्षाला साडेसतरा लाख युनिटे देतो. कोळशाचा एक मेगावॉट ७० टक्क्यांनी चालला, तर ६१ लाख. त्यात पॅनेलवर छापलेले वॉट २५ अंशांना मोजलेले असतात. वैशाखातल्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटते. म्हणजे ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच १४ टक्के वीज कमी.

खरी अडचण मात्र वेळेची आहे. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. थंड पडलेला कोळशाचा संच पेटवून जोडायला कित्येक तास लागतात. म्हणून संध्याकाळसाठी तो दुपारभर क्षमतेच्या किमान ५५ टक्के भारावर चालता ठेवावा लागतो. भार त्याहून फार खाली नेला की बॉयलरमधली ज्योत अस्थिर होऊ लागते, ती टिकवायला तेल जाळावे लागते, आणि तापमानाच्या चढउताराने नळ्यांना तडे जाऊ शकतात. अशा दुपारी मागणी कमी पडली तर हात आखडता घ्यायला सांगितले जाते ते सौर प्रकल्पांना. कोळसा जळतो आणि ऊन वाया जाते, हे पाहवत नाही.

यावर साठवणूक हवी, हे केंद्राला मान्य आहे. फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेनुसार नव्या सौर निविदांत प्रकल्पाच्या १० टक्के क्षमतेची, दोन तासांची साठवणूक असावी. आता हिशेब करा: १०० मेगावॉटच्या प्रकल्पाला २० हजार युनिटांची बॅटरी, आणि त्याचे रोजचे उत्पादन ४ लाख ८० हजार युनिटे. शेकडा जेमतेम चार! सुरुवात म्हणून ठीक, पण यावर संध्याकाळ निभणार नाही. घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पात (पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची) १०० युनिटे खर्चून पाणी वर चढवले की ७५ ते ८० परत मिळतात. पण घाटघर अवघे २५० मेगावॉटचे. कोयना १,९६० मेगावॉटची, पण तिथे पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा. ते पाणी भर दुपारी टर्बाइनवर सोडणे म्हणजे उधळपट्टीच.

सर्वांत स्वस्त साठवणूक शेततळ्यातली: विजेऐवजी पाणीच साठवायचे. शेतीपंप दिवसा चालले की रात्रीचा भार आपोआप उतरतो आणि शेतकऱ्याची अंधारातली पाळीही सुटते. म्हणून कृषी फीडरचे सौरीकरण, म्हणजे शेतीपंपांच्या वाहिनीला सौर प्रकल्पाची वीज देणे, रास्त आहे. मात्र त्यात एक खोट राहते. पॅनेलची वीज ग्रिडला देणारा सौर इन्व्हर्टर ग्रिडचा दाब (व्होल्टेज) असेल तरच वीज देतो. प्रकल्पाला ग्रिडशी जोडणारी ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) वाहिनी दुपारी बंद पडली की लख्ख उन्हातही प्रकल्प शून्यावर येतो आणि पंप थांबतात. प्रकल्प उभारताना उपकेंद्र आणि वाहिनीच्या दुरुस्तीचे पैसे त्याच मंजुरीत धरले, तरच दिवसा वीज मिळेल.

केंद्राच्या २०२३ च्या वीज ग्राहक नियमांनी शेतीखेरीज इतर ग्राहकांसाठी सौर तासांतला (उन्हाच्या वेळेतला) दर किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितले आहे. तो लाभ मिळायला वेळेनुसार नोंद करणारा मीटर लागतो. असे मीटर आधी बसवा.

पुढचे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरवताना क्षमतेच्या टक्क्यांसोबत संध्याकाळी ६ ते १० या वेळेत कोळशाविना किती युनिटे दिली, हा आकडाही बंधनकारक करावा. त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. देशभरातली विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राच्या रोजच्या अहवालात रात्री आठची मागणी आणि स्रोतनिहाय युनिटे आजही छापली जातात.

— वीज क्षेत्रातील एक वाचक