स्वयंभू गांधार आणि तुझा ट्रम्पेट

सोनू,

तुझ्या तुकड्याची फाईल काल रात्री तीनदा ऐकली, आधी मोबाईलवर, मग बाबांचे हेडफोन लावून. चाल गोड आहे रे, सकाळी पोळ्या करताना तीच गुणगुणत होते. पण मधे फ्लूट आणि ट्रम्पेट एकाच सप्तकात तीच चाल वाजवतात ना, तिथे फ्लूटचा रंगच येत नाही, आणि तू म्हणालास की म्हणूनच त्याचा फेडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं आवाजाचं बटण, वर केलाय. खालच्या सप्तकात फ्लूट मुळातच मऊ, हवेसारखा, कॉम्प्युटरवर तू त्याला मोठा करशील पण स्टेजवर बसलेला माणूस एवढा आवाज आणणार कुठून?

फ्रेंच संगीतकार राव्हेलचं बोलेरो काढ, १९२८ चं, ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं. पंधराएक मिनिटं त्याच दोन चाली फिरून फिरून येतात, बदलतात ती वाद्यं. फ्लूट-ट्रम्पेटची जोडी त्यातही आहे, पण ट्रम्पेटला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावलाय आणि फ्लूट एक सप्तक वर ठेवलाय, त्यामुळे दोघंही राहतात.

त्याच्या थोडं पुढे जा. लहानपणी तू माझ्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसायचास आणि विचारायचास, आई, ग कोण गातंय? तारा चारच, पंचम, जोडीचे दोन सा आणि खर्ज म्हणजे खालचा सा, गांधाराची तार नाहीच, पण तारांखालचा दोरा सरकवून जवारी नीट लागली की खर्जातून तो आपोआप यायचा, स्वयंभू गांधार. राव्हेलने तो गांधार चक्क हाताने लिहिलाय! फ्रेंच हॉर्न चाल वाजवतो, सेलेस्टा, ते घंटांसारखं वाजणारं पेटीवाद्य, तीच एक आणि दोन सप्तकं वर, आणि दोन पिकोलो, म्हणजे छोटे उंच आवाजाचे फ्लूट, त्याहून वेगळे, एक पंचमाला सा धरून आणि एक गांधाराला सा धरून, ती चाल संपेपर्यंत तसेच. कागदावर बघशील तर तीन वेगळ्या पट्ट्या दिसतात, कानाला मात्र एकच वाद्य वाटतं, ऑर्गनसारखं, जे त्या ऑर्केस्ट्रात कुणाच्याच हातात नाहीये. मला अजून काटा येतो. आणि हे जमतं कारण वरचे स्वर हॉर्नपेक्षा हळू आहेत, पिकोलो जरा वर आले की तीन जण तीन पट्टीत गातायत असं लगेच वाटायला लागतं.

आता तुझ्या तुकड्यात ट्रम्पेट काढ आणि क्लॅरिनेट घाल, त्याच्या खालच्या सप्तकात. त्याचा आवाज तिथे पोकळ येतो कारण पहिला, तिसरा, पाचवा असे विषम हार्मॉनिक्सच, म्हणजे मूळ स्वरातून आपोआप निघणारे स्वर, जोरात असतात, दुसरा, म्हणजे एक सप्तक वरचा, जवळजवळ नसतोच. फ्लूट बरोब्बर एक सप्तक वर ठेवलास की तो त्याच रिकाम्या जागेत जाऊन बसेल, शिवाय तिथे त्याला स्वतःचा आवाजही आहे.

फेडर सगळे होते तिथे आण आणि रविवारपर्यंत पाठव, मी तानपुरा लावून बसते.

आई