नऊ महिने थांब, मग काय ते ठरव

बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस ना की बाबा माझं बास्केटबॉलचं करिअर संपलं, तेव्हा मला काही सुचलंच नाही. आई उठून आतल्या खोलीत गेली आणि मी नुसता हो हो करत राहिलो. रात्री झोप लागली नाही म्हणून आता पहाटे लिहायला बसलोय, लांब होणार आहे, पण सगळं वाच, पाय वर ठेवून वाच.

आधी गुडघ्याचं. ऑपरेशनला अकरा दिवस झाले आणि तुला वाटतंय की मांडी ऐकतच नाही, पाय उचलायला सांगितला तरी उचलत नाही. अगं एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या त्या लिगामेंटच्या, ऑपरेशननंतर हे होतंच, गुडघ्याला सूज असली की मांडीचा मोठा स्नायू जणू बंद पडतो, तुझी ताकद गेली असं नाही, मेंदू त्याला हुकूमच देत नाही. म्हणून फिजिओ तुला दिवसातून इतक्या वेळा मांडी आवळायला लावतात आणि पाय पूर्ण सरळ करायला लावतात. ते कंटाळवाणं आहे, माहितीये मला. पण सगळ्यात महत्त्वाचं काम सध्या तेच आहे, पाय पूर्ण सरळ होणं. शूटिंग वगैरे नंतर.

आणि आता मुख्य गोष्ट. तुझ्या असिस्टंट कोचनी सांगितलं की जूनच्या वर्कआउटला तयार राहा नाहीतर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तुझ्या जागी दुसरी गार्ड आणावी लागेल. हे ऐकून मला राग आला, खरं सांगतो. त्यांना टीम बनवायची आहे, त्यांचं काम आहे ते, पण जून म्हणजे जेमतेम पाच महिने. नऊ महिन्यांच्या आत परत खेळायला उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका बराच जास्त असतो, आणि नुसते महिने मोजूनही भागत नाही, ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के यायला लागते, एका पायावर उड्या मारायच्या हॉप टेस्ट पास व्हाव्या लागतात. जानेवारी ते ऑक्टोबर धर. सीझन नोव्हेंबरला सुरू होतो. म्हणजे घाई केली नाहीस तरी तू वेळेत आहेस, घाई केलीस तरच अडचण आहे.

पेज ब्यूकर्सचं तुला मी काय सांगणार, तुझ्या खोलीत पोस्टर आहे तिचं. 2022 च्या ऑगस्टमध्ये तिचा एसीएल गेला, 2022-23 चा अख्खा सीझन ती बेंचवर बसली, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये कनेक्टिकटच्या कॉलेज टीमला चॅम्पियन करून त्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या टीम नव्या खेळाडू निवडतात त्यात, पहिली आली. ती ब्यूकर्स आहे, तुझी तुलना तिच्याशी नाही करत मी. पण तिचा गुडघा आणि तुझा गुडघा एकाच वेगाने भरून येतो, एवढंच म्हणतोय.

आता नियमाचं. तू सहा मॅच खेळलीस, सीझन तीसेक मॅचचा. दुखापत सीझनच्या पहिल्या अर्ध्यात झाली आणि 30 टक्क्यांपेक्षा जास्त मॅच खेळलेल्या नसल्या तर मेडिकल हार्डशिपसाठी अर्ज करता येतो, तो मिळाला तर हे वर्ष तुझ्या कॉलेजमध्ये खेळायच्या वर्षांत धरलं जात नाही. तू दोन्हीत बसतेस. म्हणजे पुढचं वर्ष आणि त्याच्या पुढचं, असे दोन सीझन हातात येऊ शकतात, त्यातला दुसरा सीझन मास्टर्स करता करता. कॉलेजचं नियम बघणारं कंप्लायन्स ऑफिस आहे ना, त्यांना मेल टाक, डॉक्टरांचे कागद त्यांना आताच लागतील, आणि सगळं लेखी घे. स्कॉलरशिपच्या मुदतीत दुखापत झाली म्हणून ती काढून घेता येत नाही, पण पुढच्या वर्षी रिन्यू होणार की नाही हा वेगळा विषय आहे, तुझ्या करारात नेमकं काय लिहिलंय ते आपण दोघं मिळून वाचू. आणि रागाच्या भरात पोर्टलमध्ये नाव टाकू नकोस हं, एकदा नाव गेलं की त्या टर्मनंतर तुला पैसे देत राहायचं बंधन कॉलेजवर राहत नाही. जायचं असेल तर जा, मी गाडी भरून द्यायला येईन, पण कुबड्यांवर बसून आत्ता ठरवू नकोस.

तू म्हणालीस डब्ल्यूएनबीए, मुलींची ती प्रो लीग, गेली हातातून, मग ही सगळी वर्षं कशासाठी. याचा विचार मी रात्रभर केला. डिव्हिजन वनमध्ये, कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटात, साडेतीनशेच्या वर मुलींच्या टीम आहेत, आणि 2024 च्या ड्राफ्टमध्ये तीन राउंड मिळून 36 नावं घेतली गेली. त्या 36 मधल्यासुद्धा बऱ्याच जणींना टीममध्ये जागा मिळाली नाही, तेव्हा एका टीममध्ये फार तर बारा जणी असायच्या. केटलिन क्लार्क पहिली आली तरी लीगकडून तिचा पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर होता. हे तुला खच्ची करायला नाही सांगत बाळा. कॉलेजमध्ये खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीचं करिअर म्हणजे ही चार-पाच वर्षंच असतात, तेच ते करिअर. तू ते पुढच्या कशाचीतरी तयारी म्हणून बघत आलीस, कदाचित आम्हीच तसं बघायला शिकवलं, त्याचं मला वाईट वाटतं.

माझ्या वहीचं तुला माहितीये. सातवीपासून प्रत्येक मॅचला मी स्टँडमध्ये बसून लिहीत आलोय, आणि त्यात पॉइंट्स कमीच आहेत. किती चार्ज घेतलेस म्हणजे समोरचीची धडक अंगावर झेललीस, आपल्या मुलीला वाट मिळावी म्हणून आडवी उभी राहून किती स्क्रीन लावलेस, लूज बॉलवर किती वेळा जमिनीवर पडलीस, टाइमआउटमध्ये कोणाच्या खांद्यावर हात ठेवलास. शेवटचं पान त्या सहाव्या मॅचचं आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तू नव्या मुलीला बोट दाखवून कॉर्नरला पाठवलंस आणि तिने तिथून तीन पॉइंटचा बास्केट मारला, स्कोअरशीटवर तुझ्या नावापुढे काही नाही, माझ्याकडे आहे.

बेकी हॅमनचं नाव तू घेतेस अधूनमधून. कोलोरॅडो स्टेटमध्ये खेळली, 1999 ला कोणी ड्राफ्ट केलं नाही, तरी लीगमध्ये सोळा सीझन काढले. 2013 मध्ये तिचाही एसीएल गेला, आणि रिहॅब चालू असताना ती सॅन अँटोनियो स्पर्स या पुरुषांच्या एनबीए टीमच्या प्रॅक्टिसला आणि कोचेसच्या मीटिंगला जाऊन बसायला लागली. पुढच्या वर्षी त्यांनी तिला असिस्टंट कोच केलं, 2022 आणि 2023 ला लास वेगासच्या डब्ल्यूएनबीए टीमला चॅम्पियन करणारी कोच तीच. तर तूही प्रॅक्टिसला जा. रोज जा. कोपऱ्यात फोन घेऊन बसू नकोस, क्लिपबोर्ड माग, फिल्म बघताना हेड कोचच्या शेजारची खुर्ची घे, कोणती गार्ड पिक अँड रोलला कुठे चुकते ते लिहून ठेव. तुला खेळ दिसतो गं, तुझ्या बाकीच्या टीममेट्सना तेवढा दिसत नाही, हे मी बाप म्हणून बोलत नाहीये, पाच वह्या भरल्यात मी.

आई विचारतेय की बर्फ लावतेस का आणि रात्री ब्रेस काढून तर झोपत नाहीस ना. डॉक्टर सांगेपर्यंत काढू नकोस.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही निघतोय, शनिवारी तुमची होम गेम आहे ना, तुझ्या टीमची. तू बेंचवर असशील, मी नेहमीच्या जागी. वही आणतोय, कोरं पान आहे. या वेळी तुझ्या नावापुढे काय लिहायचं ते तू सांग.

बाबा