जुन्या शाईपेनांच्या काकांना, सगळ्यांसमोर थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे गं" म्हणता आणि पुढचं पेन उघडायला घेता, म्हणून हे इथे लिहितेय. नातवाला सांगा मोबाईलवर वाचून दाखवायला.

बातमी अशी की एलएलबीचे या सेमिस्टरचे सगळे पेपर मी शाईपेनाने लिहिले आणि हात अजिबात दुखला नाही. नोकरी करून शिकणाऱ्यांनाच कळेल की दिवसभर ऐरोलीच्या ऑफिसात कीबोर्ड बडवायचा आणि मग परीक्षेत एकदम तीन-तीन तास हाताने लिहायचं, पुरवणीवर पुरवणी, म्हणजे काय होतं. बॉलपेनने अंगठ्यापासून मनगटापर्यंत कळ यायची. तुम्हीच समजावलंत की बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट, टोकाची गोळी फिरवायला दाब द्यावाच लागतो, आणि शाईपेनाची शाई पातळ, निब कागदाला नुसती टेकली की ती आपोआप उतरते, हाताने फक्त पेन सरकवायचं. मला आधी कुणी हे सांगितलंच नव्हतं.

मी तुमच्या जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत आले तेव्हा चांगले चार-पाच हजार खर्च करायची तयारी करून आले होते. तुमच्याजागी दुसरं कुणी असतं तर काउंटरवरचं सगळ्यात चकचकीत पेन माझ्या हातात दिलं असतं. तुम्ही ड्रॉवरमधनं जुनं हिरो ६१६ काढलंत, दोन-तीनशे रुपयांचं, आणि म्हणालात, "महागाचं पेन हरवेल म्हणून माणूस घरी ठेवतो आणि घरी ठेवलेलं पेन सुकतं." इतकं खरं आहे हे!

आणि त्या साध्या पेनाची केवढी गोष्ट सांगितलीत. हिरो चीनचं, पण चेहरामोहरा पार्कर ५१ चा, आणि ते ५१ बाजारात आलं १९४१ मध्ये. पार्कर कंपनी १८८८ ची, १९३९ मध्ये तिला ५१ वर्षं झाली म्हणून पेनाचं नाव ५१. त्याची निब अशी झाकलेली का, तर पार्करला कागदावर झटपट सुकणारी शाई वापरायची होती, आणि जी शाई कागदावर लवकर सुकते ती उघड्या निबवरही सुकणारच, म्हणून निब आत घेतली, टोक तेवढं बाहेर. तो आकार पुढे जगभर उचलला गेला आणि हिरोच्या रूपाने आपल्याकडच्या शाळांच्या दप्तरांत येऊन पोचला. आमच्या अख्ख्या वर्गाला ते सोनेरी टोपणाचं पेन माहीत होतं, पण ते तसं का दिसतं हे एकालाही माहीत नव्हतं.

शाई भरायचंही शिकवलंत. पेनाच्या आतली पत्र्याची पट्टी एकदा दाबून सोडली की झालं असं नाही, चार-पाच वेळा दाबायची, कारण आत बारीक नळी असते, दर दाबाला थोडी हवा बाहेर जाते आणि थोडी शाई वर चढते.

पण मला तुमचे आभार मानायचेत ते मुख्य म्हणजे एका वेगळ्याच गोष्टीसाठी. ही जुनी पेनं उघडता येतात. हल्लीचं जेलपेन बंद पडलं की कचऱ्यात, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. तुमच्या टेबलावर मात्र कित्येक वर्षं मुकी पडलेली पेनं येतात आणि बोलायला लागतात, तेही कुठला मोठा खर्च न करता. गार पाण्यात रात्रभर ठेवायचं, जिभेच्या, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या भागाच्या, खाचांत अडकलेली शाई निळ्या धुरासारखी सुटत राहते, पाणी बदलायचं, परत ठेवायचं, घाई करायची नाही, जोर तर अजिबातच लावायचा नाही. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन असेल तर गरम पाणी बंद, काळा रंग जाऊन तपकिरी होतो. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या पद्धतीचं प्लॅस्टिक, असेल तर ज्योतीच्या आसपासही न्यायचं नाही, भसकन पेटतं. लिव्हरवाल्या पेनातली रबरी सॅक, म्हणजे शाईची पिशवी, जुनी झाली की कडक होऊन तुकडे पडतात, ते खरवडून काढायचे, नवी सॅक शेलॅकने, म्हणजे लाखेने, चिकटवायची, वरनं टाल्कम पावडर, आणि पेन पुढची कित्येक वर्षं चालायला मोकळं. निब कागदावर खरखरतेय म्हणून लोक पेन टाकून देतात, आणि तुम्ही भिंगाखाली दाखवलंत की टोक झिजलेलं नाहीये, निबची दोन पाती वरखाली झालीयेत, नखाने हलकंच सारखी केली की काम झालं. हे सगळं तुम्ही काही राखून न ठेवता शिकवता! मी गिऱ्हाईक, मलाच दुरुस्ती शिकवली तर तुमच्याकडे कशाला येईन, हा विचार तुमच्या मनालाही शिवला नाही.

परीक्षेसाठी तुम्ही जे केलंत ते तर वेगळंच. पुरवणीचा कागद शाई पितो, मागच्या पानावर उमटते, हे मी सांगितल्यावर तुम्ही हूड, म्हणजे निबवरचं आवरण, कोमट करून काढलंत, निबची पाती किंचित जवळ आणलीत, शाई कमी उतरेल इतकीच, आणि माझ्याच पुरवणीच्या कागदावर लिहून बघितलंत, परत काढलंत, परत बसवलंत. याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. वर कॅम्लिनची साधी रॉयल ब्लू वापर, ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई चुकूनही घालू नकोस, तिच्यात लाख असते, जीभ कायमची तुंबते, हे दोनदा बजावलंत. (कॅम्लिन म्हणजे आपल्या दांडेकर बंधूंची, १९३१ मध्ये सुरू झालेली, हे सांगताना तुमचा चेहरा किती खुलला होता.)

ते दुसरं पेन पण सांगते, कारण त्याच्याइतकं आवडतं माझ्याकडे काही नाही. हिरवं, ड्रॉपरने शाई भरायचं, आणि अंगावर कुणाचं तरी नाव कोरलेलं. पूर्वी दुकानात पेन घेतलं की नाव कोरून द्यायचे ना. तुम्ही म्हणालात, नाव कोरलेलं असलं की हौशी लोक घेत नाहीत, म्हणून स्वस्त. मला तर त्या नावासाठीच ते हवं होतं. कुणीतरी पहिल्या पगारातून घेतलं असेल, किंवा मॅट्रिकला बक्षीस मिळालं असेल, आणि आता त्यातून माझ्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या नोट्स निघतात. ट्रेनमध्ये निब वर करून उभं ठेवते, आणि शाई तळाला गेली की वेळेत भरते, कारण हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि भसकन थेंब पडतो, तुम्ही सांगितलेलं सगळं पाळतेय.

ज्यांना शाईपेनाची हौस आहे पण पैसे बघून थांबलेत त्यांना मी हेच सांगत असते, आधी घरातली कपाटं, ट्रंका शोधा. आजीआजोबांच्या वस्तूंत एक तरी पेन निघतंच, आणि ते बहुतेक वेळा मेलेलं नसतं, नुसतं सुकलेलं असतं.

काका, तुम्ही माझ्याकडून घेतलेत त्यापेक्षा कितीतरी जास्त दिलंत. खूप खूप आभार.

आणि हो, शनिवारी दुपारी येतेय. मैत्रिणीच्या सासऱ्यांचं लिव्हरवालं विल्सन आहे, हलवलं की आत सॅकचे तुकडे वाजतात. तुम्ही नुसते शेजारी बसा, खरवडायचं काम या वेळी मी करते.