वाटणाशिवाय मासा

निशी-कासाई, तोक्यो
बुधवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास, "तुमचं बरं आहे, रोज मासे. आमचं आपलं रविवार ते रविवार." तेवढ्यात माझी गाडी आली आणि विषय तिथेच तुटला. पण मालवणच्या माणसाने मासा रविवारवर ढकलावा हे मला काही पचलं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. फोनवरही सांगितलं असतं, पण तू माशांवरून तुमच्या सोसायटीच्या पार्किंगवर कधी घसरतोस ते कळत नाही.

तुझी अडचण मला ठाऊक आहे. आपल्याकडे मासा म्हटला की वाटण आलं. नारळ फोडा, खवा, मिरच्या भिजवा, तिरफळं शोधा, शेवटी मिक्सरचं भांडं घासा. साडेआठला घरात शिरणाऱ्या माणसाचं ते काम नव्हे. मग उरलं तळण. रवा, तेल, धूर, आणि नंतर शेगडीपासून भिंतीच्या टाइल्सपर्यंत पुसत बसणं. आठवड्याच्या मधल्या वारी तेही नको वाटतं. पण या दोन्हींच्या मधली एक वाट आहे आणि इथली घरं कामाच्या दिवशी तीच धरतात. मासा थोडक्या तेलात भाजायचा आणि शेवटच्या दोन मिनिटांत सोया सॉस नि साखरेचा रस त्याच्यावर चकाकी येईपर्यंत आटवायचा. तेरियाकी.

नाव वाचून तोंड वाकडं करू नकोस. त्या नावाखाली आपल्याकडे कॅफेत चिकनवर बाटलीतला जो गोडमिट्ट काळा चिखल ओततात तो डोक्यातून काढून टाक. इथे ही घरची गोष्ट आहे, आपल्या पिठल्याच्या पंगतीतली. पाहुण्यांसाठी कोणी मुद्दाम करत नाही, पण डब्यात हमखास असते, कारण गार झाली तरी चांगली लागते.

मी करतो तो मासा म्हणजे बुरी. हातभराहूनही मोठा वाढतो, मांस तेलकट, कडेला गडद लाल पट्टी. गंमत म्हणजे वाढत्या मापाप्रमाणे त्याचं नाव बदलतं. तोक्योच्या बाजूला लहानपणी वाकाशी, मग इनादा, मग वारासा, आणि साधारण ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला की बुरी. ओसाकाकडे पुन्हा वेगळीच नावं. थंडीत त्याच्या अंगात चरबी धरते, आणि तोयामाच्या किनाऱ्यावरच्या हिमी बंदराची हिवाळी बुरी म्हणजे आपल्या देवगड हापूससारखा मान. भावही तसाच, त्यामुळे माझी ओळख लांबूनच. मी आणतो ती शेतीतली बुरी. माशांची ही शेती इकडे जुनी आहे. कागावा प्रांतातल्या हिकेताजवळ १९२८ साली ती पहिल्यांदा जमली. शेतीतला मासा बारमाही तेलकट असतो आणि या पदार्थाला तेच हवं असतं.

संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटात जाण्याचा एक फायदा आहे. बंद व्हायच्या आधी एक कर्मचारी हातात लेबलांचं यंत्र घेऊन मासळीच्या कपाटापाशी येतो. आधी दोन दशांश कमी, मग तीन, आणि शेवटी निम्मी किंमत. आम्ही सगळे गिऱ्हाईक त्याच्या मागेमागे, पण त्याच्याकडे न बघता, दह्याचे डबे चाळल्यासारखं करत रेंगाळतो. तुमच्या गणेश पेठेतल्या बाजारात कोळीणमावशीशी जी घासाघीस तोंडाने होते ती इथे पूर्ण मुक्याने चालते. ते लेबल लागलं म्हणजे मासा खराब असं नाही. तो आजच खायचा आहे एवढंच, आणि आपल्याला तरी कधी खायचाय?

आता करायचं कसं ते. घरात शिरल्यावर आधी भात लाव, बूट काढायच्याही आधी म्हण. पुढचं सगळं भाताच्या वेळात बसतं.

माशाच्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी अगदी हलकं मीठ लाव आणि दहा मिनिटं बाजूला ठेव. आंघोळ करून ये. परत येशील तेव्हा तुकड्यांवर पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. तो वास, ज्याला वहिनी नाक मुरडतात, तो बराचसा त्या पाण्यात असतो. कागदी रुमालाने ते टिपून घे. नुसतं वरवर नाही, कातडीच्या बाजूने, काट्याच्या खाचेत, सगळीकडून. या सबंध प्रकारात कौशल्याची म्हणावी अशी जागा हीच, आणि घाईत लोक नेमकी हीच टाळतात. ओला मासा तव्यावर गेला की भाजण्याऐवजी वाफवला जातो, रंग धरत नाही, आणि वर रस ओतला तर तोही पाणचट होतो.

टिपल्यावर पिठाचा अगदी पातळ हात. इथे बटाट्याचं स्टार्च वापरतात, तुला तांदळाचं पीठ चालेल. लावून झटकून टाक. आपल्या तळणीसारखा जाड थर नकोच. हे पीठ कुरकुरीतपणासाठी नाहीच मुळी. पुढे जो रस येणार त्याला धरायला जागा हवी म्हणून ते.

तवा खोलगट आणि न चिकटणारा घे. एक छोटा चमचा तेल, मध्यम आच. तुकडा ठेवल्यावर हलवू नकोस. तीनएक मिनिटांत कडा पांढऱ्या होत वर सरकायला लागतात, तेव्हा उलट. दुसरी बाजू दोन मिनिटं. कातडी असेल तर चिमट्याने उभा धरून ती बाजूही तव्याला लाव. आता बघ, तव्यात तू घातलं होतंस त्याहून जास्त तेल दिसेल. ते माशाचं आहे. कागदी रुमालाची घडी चिमट्यात धरून ते सगळं टिपून घे, आच बारीक करून, नाहीतर कागद पेटेल. हे केलं नाहीस तर रस माशाला न चिकटता तेलावरून घसरत राहतो आणि तू मला फोन करून शिव्या देतोस.

रस आधीच वाटीत कालवून ठेवलेला असतो. दोन तुकड्यांना सोया सॉस, मिरिन आणि साके, म्हणजे इथली तांदळाची दारू, प्रत्येकी दीड मोठा चमचा आणि दोन छोटे चमचे साखर. मिरिन म्हणजे चिकट तांदूळ, कोजीची बुरशी आणि शोचू नावाची दारू यांच्यापासून मुरवलेला गोड द्राव. खऱ्या मिरिनमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, शिजताना बरंचसं उडतं, सगळं नाही. काकूंना सांगायचं की नाही ते तू ठरव.

रस ओतलास की तव्यात एकदम उकळी येते. पहिले बुडबुडे मोठे, पातळ, भराभर फुटणारे. चमच्याने रस उचलून माशावर घालत राहा. मिनिटभरात बुडबुडे लहान आणि दाट होतात, फुटायला वेळ लावतात, आवाजही फसफशीवरून मंद खदखदीवर येतो. चमचा तव्यातून ओढलास की मागे वाट उमटते आणि सावकाश भरून येते. तिथेच गॅस बंद. अजून पातळ वाटेल, पण तवा तापलेला असतो, ताटात जाईपर्यंत तो आणखी घट्ट होतो. साखर आणि सोया सॉस दोन्ही आता करपायच्या काठावर असतात, आणि करपलेला सोया सॉस कडू लागतो. या दोन मिनिटांत फोन घ्यायचा नाही. बॉसचा आला तरी.

तुकडा ताटात आला की वरचा भाग तांबूस काळा, लाकडाला पॉलिश केल्यासारखा चमकत असतो, आणि काट्याने तोडला की आत पांढरा, ओलसर. बाजूला किसलेला पांढरा मुळा पिळून ठेवतात. तेलकटपणा त्याने कापला जातो. आपल्याला मुळा आवडतोच.

आता तुझ्या स्वयंपाकघराकडे येऊ. बुरी पुण्यात शोधत हिंडू नकोस. रावस मिळाला तर पहिला नंबर त्याचा, मांस मऊ आणि रस छान धरतं. सुरमई चालेल, पण तिचे तुकडे अंगठ्याएवढे जाड कापून घे. पातळ तुकडी या आचेवर कोरडी पडते आणि मग रस कितीही चकचकीत असो, आत लाकडाचा भुसा. हलवा चालतो. बांगडा तर उत्तम, काटा काढून दोन फाकी करून घे, तेल त्याच्या अंगचंच असतं. बोंबील मात्र नको, त्याच्यातलं पाणी कितीही टिपलंस तरी संपत नाही. आणि पापलेटवर हा प्रयोग करशील तर आपली मैत्री संपली. ते तिखट-मीठ-हळद लावून तळायलाच जन्माला आलेलं आहे.

सोया सॉस जमल्यास आंबवून केलेला घे. नुसता रंग घालून काळा केलेला असेल तर त्यात खारटपणा असतो, चव नसते. इथल्या रोजच्या सोया सॉसमध्येही सुमारे १६ टक्के मीठ असतं, म्हणून सुरुवातीचं मीठ हलकंच लाव म्हणालो. हलक्या रंगाचा मिळाला तर तो कमी खारट असेल असं समजू नकोस, इथला फिकट सोया सॉस उलट जास्त खारट असतो.

मिरिन नाही मिळालं तरी अडत नाही. एक मोठा चमचा सोया सॉस, दीड चमचा किसलेला गूळ, तीन चमचे पाणी आणि थोडा आल्याचा रस. गूळ आधी पाण्यात पूर्ण विरघळव. आणि आता माझी स्वतःची भर, जी इथल्या कुठल्याही आजीला सांगायची सोय नाही. गॅस बंद केल्यावर छोटा चमचाभर कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतं, तेव्हा जपून. गूळ, सोया आणि कोकम एकत्र आलं की जी आंबटगोड चव येते तिला ना तोक्यो आपली म्हणेल ना मालवण, पण बांगड्याला ती अशी शोभते की बस. ही तर म्हणाली, पुढच्या वेळी रस दुप्पट कर, भातावर घ्यायला. केला.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. बांगडा, सुरमई, ट्यूना, ही बुरीसुद्धा, असे मासे उबेला राहिले की जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, आणि वासावरून कळेलच असंही नाही. चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात, आणि लोक समजतात माशाची ॲलर्जी आहे. म्हणजे ऑफिसला जाताना मासा घेऊन दिवसभर बॅगेत ठेवायचा नाही. येताना घे, सोबत बर्फाची पिशवी माग, घरी आल्या आल्या फ्रीज.

जोडीला फार काही करू नकोस. मी पालक उकडून पिळून त्यावर दोन थेंब सोया सॉस घालतो. कधी आमसुलं भिजवून, डब्यातलं नारळाचं दूध घालून सोलकढी. जपानी मासा आणि सोलकढी एका ताटात बघून आमच्या शेजारच्या आजींनी आधी गुलाबी रंगाची चौकशी केली, मग वाटीभर प्यायल्या, आणि आता जिन्यात भेटल्या की मासे कधी आणणार असं अप्रत्यक्षपणे विचारतात. अप्रत्यक्ष म्हणजे, "काल तुमच्याकडून छान वास येत होता," एवढंच. इथे तेवढं पुरतं.

मुलं बरी आहेत. धाकटीला काटे काढायला शिकवलंय, ती ताटाच्या कडेला ते ओळीने मांडून ठेवते. थोरल्याला अजून मासा सोलून लागतो, आणि त्याचं खापर ही माझ्या डोक्यावर फोडते. डिसेंबरात येतोय, तिकिटं अजून काढायची आहेत. बुरी काही आणता येणार नाही, पण मिरिनची बाटली नक्की आणीन.

काका-काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, पुढच्या बुधवारी स्वयंपाकघर तुझ्याकडे आहे, आणि तवा तूच घासणार आहेस. रस वाळण्याआधी गरम पाणी ओतून ठेव, नाहीतर खरवडत बसशील.

तुझाच,
तोक्योवाला

ता. क. जून-जुलैत आपल्याकडे मासेमारी बंद असते, तेव्हा गोठवलेला रावस घे. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वाडग्यावर चाळण ठेवून त्यात काढून ठेव, म्हणजे पाणी खाली गळतं. आणि टिपायला नेहमीपेक्षा दोन कागद जास्त लागतील.