हिरोला नंबर नसतो

महोदय,

कालच्या पुरवणीतला पडद्यावरच्या गॉगलांवरचा पानभर लेख वाचला. पानभर म्हणजे निम्मं पान फोटोच आहेत, पण असो. रात्री पत्र लिहायचं नाही, सकाळपर्यंत राग जाईल असं ठरवलं होतं. नाही गेला.

आधी चुका सांगते म्हणजे तुम्ही दुरुस्ती छापायला मोकळे. ऑड्री हेपबर्नच्या फोटोखाली 'वेफेअररमधली ऑड्री' असं लिहिलंय. वेफेअरर म्हणजे रे-बॅन कंपनीचा प्रसिद्ध गॉगल, तो हा नाही हो. 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' (1961) मध्ये तिने घातलाय तो ऑलिव्हर गोल्डस्मिथ या लंडनच्या कंपनीचा 'मॅनहॅटन'. अख्खं इंटरनेट हीच चूक करतं हे मान्य, पण मग पेपर कशाला विकत घ्यायचा, इंटरनेटवर चुका फुकट मिळतात. आणि त्याच्या शेजारी तो लाल बदामाच्या आकाराचा गॉगल, म्हणे 'लोलितामध्ये दिसला आणि जगभर गाजला'. कुब्रिकच्या त्या सिनेमात (1962) तो गॉगल एकाही सीनमध्ये नाहीये! बर्ट स्टर्न नावाच्या फोटोग्राफरने प्रसिद्धीसाठी जे फोटो काढले त्यात आहे आणि तिथून पोस्टरवर आला. लेख लिहिणाऱ्यांनी सिनेमा पाहिलाय का, हा प्रश्न मी सभ्यपणा म्हणून विचारत नाही.

पुढे तर 'टॉम क्रूझने घातला आणि जग वेडं झालं'. असं आपोआप कोणी वेडं होत नसतं. वेफेअरर 1952 पासूनचा, मधल्या काळात चालला आणि मग विक्री पार कोसळली, 1981 मध्ये जेमतेम 18 हजार विकले गेले. बंदच पडायच्या बेतात होता. मग 1982 मध्ये रे-बॅनने एका एजन्सीशी करार केला, वर्षाला 50 हजार डॉलर, काम एवढंच की सिनेमात आणि टीव्हीवर आमचे गॉगल दिसले पाहिजेत. त्यानंतर 1987 पर्यंत दर वर्षी साठाच्या वर सिनेमा-सीरियलमध्ये ते दिसत राहिले. टॉम क्रूझने तो घातला तो 'रिस्की बिझनेस' सिनेमा 1983 चा, त्या वर्षी विक्री गेली 3 लाख 60 हजारांवर आणि 1986 ला 15 लाख. आता याला हिरोची जादू म्हणायचं की मार्केटिंग म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पण हे सगळं वगळून 'एका पोरसवदा चेहऱ्याने इतिहास घडवला' वगैरे लिहायचं म्हणजे त्या कंपनीची जाहिरात तुम्ही चाळीस वर्षांनी पुन्हा फुकटात केलीत. निदान त्यांनी तेव्हा पैसे तरी मोजले होते.

रजनीकांतचं नाव अख्ख्या लेखात एकदाही नाही हे बघून तर मी पान उलटून पुढे कुठे आलंय का ते शोधलं. नाही. अहो, त्या माणसाचा गॉगल कोणत्या कंपनीचा हे कुणाला तरी ठाऊक आहे का? कुणाला पडलंय? लोकांनी उचललं ते गॉगल फिरवून डोळ्यावर चढवणं. 'दबंग' (2010) नंतर शर्टाच्या मागच्या कॉलरला गॉगल अडकवून फिरणारे किती दिसायला लागले, त्यात पण गॉगलचं मॉडेल कोण विचारतंय, फक्त तो मागे लटकला पाहिजे. सिनेमाचा फॅशनवर परिणाम म्हणतात तो हा, एक पैसा न देता पोचलेला. पण हा तुमच्या लेखात बसत नाही कारण त्याला मॉडेल नंबर नाही.

नंबरावरून आठवलं, म्हणजे खरं तर त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. लेखाच्या तळाला जी चौकट आहे ना, 'तुमच्या चेहऱ्याला कोणता गॉगल', गोल चेहऱ्याला चौकोनी, चौकोनी चेहऱ्याला गोल, लांबट असेल तर मोठा एव्हिएटर. छान. आणि ज्यांना नंबर आहे त्यांनी काय करायचं? एक ओळ नाही. आम्ही काय पुरवणी वाचत नाही? उलट आम्हीच जास्त वाचून वाचून इथपर्यंत आलोय असं घरचे म्हणतात.

मला शाळेपासून चष्मा. मायनस, आणि तोही बऱ्यापैकी. ढापणी हे नाव मी इतकी वर्षं ऐकलंय की हाक मारली तर अजून वळून बघते. एव्हिएटर मला कधीच घालता आला नाही, कारण मायनसची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते, फ्रेम जितकी मोठी तितकी ती कड जाड. ती टपोरी थेंबासारखी काच मुळात पायलटला खाली बघताना, विमानातले काटे वाचताना पण डोळा झाकलेला राहावा म्हणून तेवढी मोठी केलेली, ती माझ्या नंबरात बनवली तर कानाच्या बाजूला असा काही ठोकळा येतो की हिरोगिरी राहू दे, मान दुखेल. हे कोणत्याही चष्मेवाल्याला विचारा, तो सांगेल की जास्त नंबरवाल्यांनी लहान, गोलसर फ्रेम घ्यावी. तुमची चौकट सांगते गोल चेहरा असेल तर गोल घेऊ नका. माझा चेहरा गोल आहे. आता?

आणि माझा तो मॅट्रिक्सचा किस्सा. 1999 मध्ये तो सिनेमा आला, आणि त्यातले गॉगल म्हणजे रिचर्ड वॉकर यांनी खास पात्रागणिक डिझाइन केलेले, मॉर्फियसच्या गॉगलला तर काड्याच नाहीत, नुसता नाकावर बसतो. त्यातली नायिका ट्रिनिटी बघून मी येडी झाले होते. त्या सुमाराला ते अरुंद, चेहऱ्याला गुंडाळून बसणारे गॉगल जिकडेतिकडे दिसायला लागले होते. एका चष्मेवाल्याने स्पष्ट सांगितलं की ताई, एवढ्या वळलेल्या फ्रेममध्ये तुमचा नंबर नाही बसणार. ऐकायला हवं होतं की नाही हा भाग वेगळा, पण दुसऱ्याने 'होईल की, त्यात काय' म्हणून ऑर्डर घेतली. गॉगल आला. दिसायला काय दिसत होता म्हणून सांगू! आणि घातला तर समोरचं बरोबर, पण बाजूला नजर गेली की सगळं वाकडं, फरशी वाटीसारखी खोलगट, जिन्याची पायरी आहे त्यापेक्षा जवळ दिसायची. धरून धरून जिना उतरले. परत गेले तर साहेब म्हणतात, 'सवय होईल मॅडम.' काच इतकी वळलेली असली की जास्त नंबरात कडेचं सगळं वाकडं दिसतं, तो डोळ्याच्या सवयीचा विषयच नाही, हे मला नंतर कळलं आणि त्यांना आधीपासून कळत असणार. पैसे मिळाले नाहीत, काच बदलून पण दिली नाही, वर 'कस्टम ऑर्डर परत घेत नाही'. तो गॉगल अजून कपाटात आहे आणि मी अजून चिडलेली आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तेव्हापासून मला ही खोड लागली, गॉगल घालता येत नाही तर निदान त्याच्याबद्दल वाचायचं.

सिनेमातल्या कोणत्या हिरोला नंबर असतो सांगा. गाडीतून उतरतो, गॉगल काढतो, आणि लांबवर उभा असलेला व्हिलन त्याला स्वच्छ दिसतो! मी गॉगल काढला तर मला व्हिलन आणि विजेचा खांब यातला फरक कळणार नाही. चष्मा असतो तो क्लार्क केंटला, म्हणजे साध्या वेशातल्या सुपरमॅनला, आणि तोही बावळट दिसावं म्हणून, उडायच्या आधी पहिलं काम काय तर चष्मा काढणं. हिरोइनला चष्मा असेल तर इंटरव्हलनंतर तो गेलाच समजा आणि लगेच सगळ्यांना साक्षात्कार की अरे ही तर सुंदर आहे. ज्याच्या चष्म्याने खरंच फॅशन आणली तो मूकपटातला हॅरल्ड लॉइड, 1917 पासून तो गोल जाड फ्रेमचा चष्मा घालून धडपडायचा आणि लोक तसे चष्मे घ्यायला लागले. त्याच्या फ्रेममध्ये काच नव्हती! नुसती रिकामी फ्रेम! म्हणजे आमच्या बाजूचा म्हणून एक निघाला तोही असा.

हां, आता कोणी म्हणेल फोटोक्रोमिक घ्या की, उन्हात आपोआप काळा होतो. आहे ना माझ्याकडे. गाडीत बसलं की होत नाही, कारण तो काळा होतो अतिनील किरणांनी आणि पुढची काच तेच किरण अडवते, त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथे आपला साधा चष्मा, आणि गाडीतून उतरून सावलीत जाईपर्यंत मात्र काळा होऊन बसतो. हे लिहा ना कधीतरी पुरवणीत.

चौकटीतलं 'काच जितकी डार्क तितकं डोळ्याला संरक्षण' हे वाक्य मात्र मी विनोद म्हणून सोडून देणार नाही. काळेपणा वेगळा आणि अतिनील किरण अडवणं वेगळं. नुसत्या काळ्या काचेत यूव्हीचं संरक्षण नसेल तर अंधार झाला म्हणून बाहुली मोठी होते आणि ते किरण उलट जास्त आत जातात. यूव्ही 400, म्हणजे अतिनील किरण अडवते याची खूण, असं लिहिलेलं आहे का ते बघा, एवढी एक ओळ टाकली असती तर ऑड्रीबद्दल मी काही बोलले पण नसते. आणि सगळ्यात काळी, 4 नंबर कॅटेगरीची काच गाडी चालवताना वापरायचीच नसते, तिच्यात रस्ता दिसत नाही. तुमचा वाचक 'जितकी डार्क तितकी बरी' वाचून ती लावून बाइकवर बसला तर?

जाता जाता. राखाडी पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरात मजकूर छापायची कल्पना कुणाची आहे? ती चौकट वाचायला मला चष्मा काढून पान नाकाला लावावं लागलं, आमच्यासारखे मायनसवाले वय झालं की असंच वाचतात, घरच्यांना वाटलं मी पेपरचा वास घेतेय. शब्दकोड्याच्या सूचना पण गेले काही आठवडे तशाच येताहेत, त्याबद्दल आधी एक मेल केला होता, उत्तर नाही.

ऑड्री, लोलिता आणि डार्क काच, तिन्हीची दुरुस्ती छापा. काळ्या अक्षरात.

आपली,
एक वाचक